बुचांची साडी, कोळशाची भिंत

निवडणूक उरकली की बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या गावांत फ्लेक्सची दुसरी पाळी सुरू होते. चकलांबा घ्या की उमापूर, कडब्याच्या गंजीवर, शेळ्यांच्या छपरावर, पत्र्याच्या भोकावर भावी आणि माजी आमदार हसतमुखाने पाणी अडवत असतात. युरियाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला की खोळ होते आणि भुरभुर पावसात खुरपणी थांबत नाही. याला कुणी कला म्हणत नाही आणि म्हणावं असा माझाही आग्रह नाही. पण जगभरच्या कलादालनांत गेली काही दशकं नको त्या वस्तूंपासून जे घडतंय, त्याची मुळं अशाच गरजेत सापडतात.

गोधडीचंच पाहू. वर-खाली जुनं सुती लुगडं, मधे फाटकी धोतरं, सदरे, लेकरांची झबली आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. अमेरिकेतल्या अलाबामात, नदीच्या वळणात वसलेल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायाही असंच शिवत आल्या. तेही कापसाचं गाव, गुलामीतून सुटून खंडाने शेती करणाऱ्यांचं. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 साली वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. गुडघ्यावर विटलेली पँट, उन्हाने उडालेला निळा रंग, सगळं तसंच ठेवून. 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर चढल्या, 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. 2007 साली मात्र शिवणाऱ्यांपैकी काही जणी हक्क आणि मोबदल्यासाठी कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते खटले मिटले. कौतुक झालं, पण पैशाचा हिशेब वेगळा मागावा लागला.

आपल्याकडे गोधडीत आता सुती लुगड्याऐवजी सिंथेटिक साड्या येतात. सुई सुळकन जाते, रंग भडक राहतो, घाम मात्र टिपला जात नाही. कापूस पिकवणाऱ्याच्या पांघरुणात कापूस नाही, याच्याइतका बोचरा विषय एखाद्या चित्रकाराला शोधून सापडायचा नाही.

मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी असाच विषय नेमका पकडला होता. 1977 साली देशातून गेलेला कोका-कोला 1993 साली परतला. त्यानंतर काही वर्षांतच, नव्वदीच्या अखेरीस, सामंत यांनी त्या बाटल्यांची बुचं भोकं पाडून, तारेच्या आकड्यांनी एकमेकांत अडकवून चक्क साडी केली. कोयरीची नक्षी असलेली, पण अंगावर घेतली तर खणखणणारी आणि बोचणारी. तिचं नावच ‘हातमागाची’ वाटावी अशा थाटाचं: ‘अ हँडमेड सारी’. साधारण त्याच सुमारास नायजेरियात शिल्पकार एल अनात्सुई यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली पिशवी सापडली. ती झाकणं ठोकून, तांब्याच्या तारेने गुंफून त्यांनी भिंतभर लोंबणारी वस्त्रं केली. युरोपची दारू, आफ्रिकेतली माणसं आणि त्यांचा व्यापार हा इतिहास त्या झाकणांत आयताच होता. दोघांनी बुचंच घेतली, तरी एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपणार नाही.

चित्रकार प्रभाकर पाचपुते यांच्याकडे वस्तू शोधण्याचा प्रश्नच नव्हता. ते राजुरा तालुक्यातल्या सास्तीचे. घराण्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या कोळशाच्या खाणीत उतरलेली, शेती खाणीखाली गेलेली. खैरागढ आणि बडोद्याला शिल्पकला शिकून आलेल्या या माणसाने हातात कोळसा घेतला. चित्राचा कोळसा लाकडाचा, खाणीतला दगडी, हे खरं. पण हाताला लागणारी काजळी तीच. 2012 साली मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झालं. त्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा किंवा अवजार येतं, जमीन जनावरासारखी पाठ वर काढते. थेट भिंतीवर काढलेली अशी चित्रं प्रदर्शन संपलं की पुसली जातात. पुढे कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कारासाठी त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांच्या निशाणांशी आपलं काम जोडलं. 2021 साली तो पुरस्कार स्पर्धेतल्या सहाही कलावंतांत वाटला गेला. 2022 साली ते व्हेनिसच्या द्वैवार्षिकात होते.

याउलट, 2019 साली लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मंगेश निपाणीकर यांनी शेतात बी पेरून सुमारे 6 एकरांवर शिवाजी महाराजांची प्रतिमा उगवून आणली. कारागिरी अफाट, यात वाद नाही. पण मला त्यात बियाणं रंगासारखं वापरलेलं दिसतं, बियाण्याचं स्वतःचं म्हणणं ऐकू येत नाही. आकाशातून पाहायचं चित्र आणि शेतात उभं राहून पाहायचं चित्र यांत मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

चकलांब्याच्या शिवारात स्वतःचं म्हणणं असलेली वस्तू आहे ती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी काडी. वेचण्या संपल्या की हेक्टरी 2 ते 3 टन काड्या उभ्या राहतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या बांधावर पेटवतात. उशिराच्या जादा वेचणीच्या, म्हणजे फरदडीच्या लोभाने ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं. 1924 पासून मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने याच काड्यांचा भुगा करून, डिंकासारखं रसायन मिसळून, उष्णतेखाली दाबून फळ्या करण्याचं तंत्र कधीच बसवलंय. त्यातून दारं, टेबलं, कपाटं होतात. अडचण फळीत नाही, काडीत आहे. ती हलकी आणि फुगीर, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. उपटायला मजूर लागतात आणि नेमका त्याच हंगामात निम्मा जिल्हा ऊसतोडीला गेलेला असतो. एखादा डिझायनर पऱ्हाटीची देखणी खुर्ची घेऊन गावात आलाच, तर पारावर तिच्या डौलाची चर्चा नंतर होईल. आधी विचारतील, उपटणी आणि वाहतूक कुणाकडे?