तंजावरात आमसुलं संपली तेव्हा

तंजावरच्या मुदपाकखान्यात ऐन वेळी आमसुलं संपली. महाराष्ट्रातून यायची खेप अडकलेली, आणि पंगतीला खुद्द छत्रपती संभाजी महाराज. यजमान शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, महाराजांचे चुलतभाऊ. आमटी आंबट करायची कशानं? कुणीतरी धीर करून म्हणालं, इथली माणसं चिंच घालतात. डाळीत चिंचेचा कोळ पडला, पाहुण्यांना आमटी भलतीच आवडली आणि त्यांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले.

चुकून जन्माला आलेल्या पदार्थांचा विषय निघाला की मराठी माणूस ही गोष्ट छाती फुगवून सांगतो. हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई, गोवा आणि रत्नागिरीच्या वाटा भेटतात. इथल्या हॉटेलात इडली-सांबार मिळतं आणि गल्ल्यापाशी आमसुलाची पाकिटं नि आगळाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. कथेतली आंबट पात्रं दोन्ही हजर. तेव्हा झडती इथंच घेऊ.

आधी आमसूल. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात आणि पाऊस धरायच्या आत झाडावरून उतरवून घ्यावे लागतात. फळ फोडून बी आणि गर वेगळा काढायचा, त्या रसात मीठ घालायचं, साल त्यात बुडवायची, उन्हात टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळत घालायची. असं चार-सहा दिवस चालतं. सालीनं रस पिऊन घेतला, ती काळपट लाल आणि चिवट झाली की आमसूल तयार. हात मात्र आठवडाभर रंगलेले राहतात. डब्यात भरलेलं आमसूल वर्षभर सहज टिकतं. त्यामुळं ते बैलाच्या पाठीवरून घाट चढून कावेरीकाठी गेलं असेल, यात अशक्य काही नाही. वर्षातून एकदाच होणारा माल एखाद्या वर्षी संपलाही असेल. इथवर कथा उभी राहते.

पुढं मात्र ती लंगडते. भोसले काही कोकणातले नव्हेत. वेरूळ आणि पुणे हा त्यांचा मुलूख. घाटावर चिंचगुळाची आमटी घरोघर होते. व्यंकोजी तर वाढले बंगळूरकडे, चिंचेच्याच प्रदेशात. अशा घराच्या आचाऱ्याला चिंच सुचवायला कुणी तमिळ माणूस लागावा, हे मला पटत नाही. आमसुलावाचून अडतं ते आमच्या कोकणातल्या माणसाचं.

आता तारखा. शहाजीराजे गादीवर आले 1684 मध्ये. संभाजी महाराज पकडले गेले 1689 च्या फेब्रुवारीत आणि 11 मार्चला त्यांची हत्या झाली. मधली जेमतेम पाच वर्षं. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला; 1686 मध्ये विजापूर पडलं, 1687 मध्ये गोवळकोंडा. त्या धामधुमीत राजानं तंजावरला पाहुणचार झोडायला जावं? महाराज पकडले गेले ते ठिकाण तर इथून फार लांब नाही. हातखंब्याहून मुंबईची वाट धरली की निवळी, बावनदी आणि मग संगमेश्वर. ज्या राजाचा शेवट आमसुलाच्या मुलखात सुरू झाला, त्याच्या नावावर आमसूल संपल्याची गोष्ट खपावी, हा दैवदुर्विलास.

सगळ्यात पक्का पुरावा पातेल्यातच आहे. आमटीत आधी डाळ येते. शिजलेलं वरण घोटायचं, फोडणी द्यायची, आमसूल शेवटी. सांबारात आधी चिंचेच्या पाण्यात भाजी आणि मसाला उकळतात. कच्चा वास गेला की त्यात शिजलेली डाळ मिसळतात. तमिळ घरातलं पुळी कुळंबू याच रीतीनं होतं, बहुतेक वेळा डाळीशिवाय. म्हणजे तिकडच्या आंबट रश्शात मराठी वरण गेलं, असं मानायला जागा आहे. पण ते एका दुपारी, एका आचाऱ्याच्या हातून झालेलं नसणार.

अशा गोष्टी जगभर रचल्या जातात. बटाट्याचे वेफर्स 1853 मध्ये अमेरिकेतल्या साराटोगात जॉर्ज क्रम या आचाऱ्यानं चिडखोर गिऱ्हाइकाची जिरवायला केले म्हणतात. पण विल्यम किचनर या इंग्रज लेखकाच्या 1817 च्या पाककृतीच्या पुस्तकात बटाट्याचे तळलेले काप आहेत. उलट केलॉग बंधूंचं गव्हाचं मळलेलं पीठ 1894 मध्ये राहून गेलं, लाटल्यावर त्याचे पापुद्रे, म्हणजे न्याहारीचे फ्लेक्स, सुटले, आणि वर्षभरात पेटंटचा अर्ज गेला. तो अपघात मानायचा, कारण त्याचा कागद आहे.

कागद तंजावरातही आहेत. सरफोजीराजांच्या काळचं शरभेंद्र पाकशास्त्र मराठीत आहे आणि तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयानं ते छापलं आहे. पण तो काळ शहाजीराजांनंतर शंभर वर्षांचा. मोडी दफ्तरांचे गठ्ठे मात्र भरपूर आहेत. मोडी वाचणाऱ्या कुणी तिकडं गेलंच, तर लढाया आणि दानपत्रं जरा बाजूला ठेवून कोठीचे हिशेब उघडा. आमसुलाची आवक कुठं दिसली, तर साल आणि वजन टिपून घ्या. तोवर सांबाराच्या गोष्टीतून संभाजी महाराजांना मोकळं करावं, हे बरं.