वहिवाट : वापर किती, कसा आणि कोणत्या नात्याने

मे संपत आला की शेतरस्त्यांची भांडणं वर येतात. नांगरटीच्या निमित्ताने कोणी बांध कोरतो, कोणी जुन्या गाडीवाटेवर बाभळीच्या फांद्या आणून टाकतो, कोणी सरळ चर खणतो. पलीकडच्या शेतकऱ्याचं बी-खत घरात पडून राहतं आणि पेरणीचे दिवस निघून जातात. मग पारावर आणि तहसीलच्या आवारात दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच शब्द असतो. एक म्हणतो, ‘आमची पूर्वापार वहिवाट आहे.’ दुसरा म्हणतो, ‘सातबाऱ्यावर दाखव.’ दोघांचंही अर्धंच बरोबर असतं. आणि या अर्धवट माहितीचा फटका बहुतेक वेळा ज्याचं रान आत आहे, त्यालाच बसतो.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे ‘बारा वर्षं वापरलं की आपलं’. यात दोन वेगळ्या कायद्यांची सरमिसळ झालेली आहे. बारा वर्षांची गोष्ट 1963 च्या मुदतीच्या कायद्यातली आहे आणि ती ताब्याबद्दल आहे. खासगी जमिनीवर मूळ मालकाच्या विरोधात, उघडपणे आणि सलग बारा वर्षं ताबा राहिला, तर मालकाचा जमीन परत मागण्याचा हक्क बुडतो. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत 30 वर्षांची आहे. रस्त्याने जाणं-येणं म्हणजे मात्र ताबा नव्हे. त्या वाटेवरून मालकही जातो, त्याची गुरंही जातात. वाटेचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात येतो. वकील त्याला इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात. मुंबई प्रांताला तो 1891 साली लागू झाला. या कायद्याने मिळतो तो फक्त जाण्या-येण्याचा हक्क. जमीन ज्याची होती त्याचीच राहते.

हा फरक केवळ वकिली नाही. दाव्यात ‘ही पट्टी माझ्याच मालकीची’ असं लिहिणारा माणूस वहिवाटीचं काही म्हणतच नाही, कारण स्वतःच्या जमिनीवर वहिवाटीचा हक्क असू शकत नाही. मालकी सिद्ध झाली नाही की त्याच्या हातात काहीच उरत नाही. बिहारमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं की, जो हक्क दाव्यात मागितलेलाच नाही तो न्यायालय आपल्या मनाने देऊ शकत नाही. तेव्हा अर्ज लिहून घेताना आपण जमीन मागतो आहोत की वाट, हे आधी नक्की करा.

वाटेसाठी कायद्यात 20 वर्षं सांगितली आहेत, आणि वाट सरकारी जमिनीतून जात असेल तर 30. पण इथेही ‘वीस वर्षं झाली, विषय संपला’ हा समज चुकीचा आहे. तो वापर कसा होता, हे न्यायालय बारकाईने बघतं. तो भांडणतंट्याशिवाय, लपूनछपून नव्हे तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मध्ये खंड न पडता आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून झालेला हवा. समजा, दरवर्षी ऊस तुटायच्या वेळी तुम्ही शेजाऱ्याकडे जाता, ‘दादा, औंदा पण गाडी तुमच्या बांधानं काढतो,’ म्हणता आणि तोही ‘काढ की’ म्हणतो. हे 40 वर्षं चाललं तरी कायद्याच्या नजरेत ती परवानगीच राहते. सुविधाधिकार कायद्यानुसार नुसती परवानगी देणारा ती सहसा केव्हाही काढून घेऊ शकतो. मला ही गोष्ट फार टोचते. ज्या घरांनी शेजारधर्म सांभाळला, विचारून पाऊल टाकलं, त्यांचीच बाजू लंगडी पडते, आणि पुढच्या पिढीत मनं फाटली की ते उघडं होतं. यावर उपाय एकच आहे. संबंध चांगले आहेत तोवरच रस्त्याचा लेखी करार करायचा, त्यात गट नंबर, दिशा आणि रुंदी घालायची आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यायचा.

आणखी एक अट फार कमी लोकांना माहीत असते. ही 20 वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. शिवाय वाट अडवल्याचं माहीत असूनही वर्षभर मुकाट्याने सोसलं, तर कायदा तो खंड धरतो. ‘आजोबांच्या काळात आम्ही तिकडूनच जायचो’ हे खरं असलं तरी मधली दहा वर्षं शहरात काढून आलेल्या नातवाला त्यावर 20 वर्षांचा हक्क मिळवता येत नाही. गोव्यातल्या एका वाटेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली हेच बजावलं. 20 वर्षांचा सलग वापर दाव्यात स्पष्ट मांडायचा असतो आणि पुराव्याने सिद्ध करायचा असतो. मोघम ‘पूर्वापार’ लिहून भागत नाही.

पायवाट आहे म्हणून ट्रॅक्टर नेता येतो, असंही नाही. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, असं कायदाच म्हणतो. डोक्यावर भारा घेऊन जाण्याचा हक्क सिद्ध झाला, तर त्यातून ट्रॉली नेण्याचा हक्क आपोआप निघत नाही. बांधावरची वाट एका वर्षी फूटभर, दुसऱ्या वर्षी दोन फूट अशी रुंद करत नेणारे इथेच अडकतात.

‘माझं रान आत आहे, म्हणजे मला रस्ता मिळालाच पाहिजे’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण गरजेतून मिळणारी वाट कोणाही शेजाऱ्याकडून मागता येत नाही. मुळात एकच असलेली जमीन वाटणीने किंवा विक्रीने तुटली आणि एक तुकडा आत अडकला, तरच ती उरलेल्या तुकड्यातून मागता येते. गैरसोय पुरेशी नसते, दुसरा मार्गच नसावा लागतो. पुढे दुसरा रस्ता झाला तर हा हक्क संपतो. भावाभावांच्या वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तासांसकट लिहिलेल्या असतात आणि रस्त्याचं नावही नसतं. पुढची भांडणं तिथेच पेरली जातात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मात्र दिवाणी न्यायालयाखेरीज आणखी दोन दारं आहेत, आणि लोक नेमके चुकीच्या दारावर उभे राहतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार दुसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याच्या हक्काचा निर्णय देऊ शकतो. शेतात जायला वाजवी वाट असण्याची गरज त्याने लक्षात घ्यायची असते. त्याचा निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. चालू असलेला रस्ता कोणी अडवला असेल, तर अर्ज 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली करायचा असतो. तिथे तहसीलदार अडथळा दूर करून वापर पूर्ववत करण्याचा आदेश देतो. पण यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. ‘पंचांनी सांगितलंय, पीक निघाल्यावर बघू’ म्हणत आठ महिने घालवले की हे दार बंद होतं. समझोत्याची बोलणी जरूर करा, पण तारीख लिहून ठेवून करा.

राहिला सातबारा. इतर हक्कांच्या रकान्यात रस्त्याची नोंद असली तर उत्तमच. पण नोंद हा पुरावा आहे, ती नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही. आधी गावचा नकाशा काढा. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. तुमची वाट तिथे सापडली तर प्रश्न वहिवाटीचा उरतच नाही, तो रस्त्यावरच्या अतिक्रमणाचा होतो. नकाशात नसेल तर जुनी खरेदीखतं वाचा, आपलीही आणि शेजाऱ्याचीही. चतुःसीमेत ‘पूर्वेस गाडीवाट’ एवढे दोन शब्द असले तरी मोठा आधार मिळतो, कारण ते लिहिलं गेलं तेव्हा भांडण नव्हतं. स्थळपाहणीच्या वेळी चाकोरीने घट्ट झालेली माती आणि वाटेवर उघडणारं शेजारच्या कुंपणाचं जुनं फाटक दाखवा. वाट अडवल्याच्या दिवशीच तारखेसह फोटो काढा. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचून घ्या. वाटेची रुंदी आणि ती पायवाट आहे की गाडीवाट, हे त्यात लिहिलेलं नसेल तर तिथेच लिहायला लावा.