शहापूर की मुरबाड? टोकन देण्याआधी एवढं वाचा

ठाणे-कल्याणचे भाव परवडत नाहीत म्हणून इकडे घर बघणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

पहिला प्रश्न रेल्वेचा. शहापूरचं स्टेशन आसनगाव, सीएसएमटीपासून साधारण ८५ किमी. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर लोकल कमी. लांब पल्ल्याच्या गाड्याही याच मार्गावरून जातात, त्यामुळे लोकल रखडते. एक सुटली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर जातो. नोकरी कल्याण-भिवंडीकडे असेल तर शहापूर जमतं. रोज फोर्टला जायचं असेल तर माझं मत नाही असंच.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्ग मंजूर झालाय, पण नुसत्या मंजुरीवर घर घेऊ नका. आज भिस्त एसटीवर आणि स्वतःच्या गाडीवर. मुरबाड एमआयडीसीत काम असेल तर मात्र हेच गाव सोयीचं.

पाण्याचं नीट विचारा. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा धरणं शहापूर तालुक्यातली, तरी इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बिल्डर म्हणतो 'बोअर आहे'. ती मे महिन्यात किती चालते, हे शेजारच्या इमारतीत विचारा.

प्लॉट घेत असाल तर सातबारा आणि एनए आदेश स्वतः बघा. शेतकरी नसाल तर शेतजमीन सरळ घेता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला शासनाची परवानगी लागते.

आणि एका सोमवारी आसनगावहून सकाळच्या लोकलने ऑफिस गाठून बघा. टोकन त्यानंतरच द्या.