ख्रिस्ती घरातला वल्हांडण

जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. त्या परंपरेच्या आसपास, परतूरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी बायबल वाचणाऱ्या घराला निर्गमाचा 12 वा अध्याय अनोळखी नाही: वल्हांडणाचे कोकरू, बेखमीर भाकर, कडू भाजी. तरी वल्हांडण घरी पाळण्याचा विषय निघाला की कोणी म्हणते, हा यहुद्यांचा सण, आपला काय संबंध? संबंध जुना आहे. पौलाने करिंथकरांना लिहिताना ख्रिस्तालाच वल्हांडणाचे कोकरू मानले. आशिया मायनरमधल्या मंडळ्या दुसऱ्या शतकातही निसान महिन्याच्या 14 तारखेलाच हा सण पाळत. सुमारे 155 साली स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प या तारखेच्या वादावर बोलायला रोमला गेला. एकमत झाले नाही, पण फूटही पडली नाही. पुढे 325 च्या निकिया परिषदेने ख्रिस्ती वल्हांडण, म्हणजे ईस्टर, यहुदी पंचांगापासून वेगळा केला. म्हणूनच 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला आला आणि यहुद्यांचा वल्हांडण 22 एप्रिलला, हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी सुरू झाला. केरळच्या सेंट थॉमस ख्रिश्चनांच्या घरांत मात्र आजही पवित्र गुरुवारी रात्री तांदूळ-उडदाचा बेखमीर पेसहा अप्पम होतो. त्यावर झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पात्याचा क्रूस ठेवतात. प्रार्थनेनंतर घरातला कर्ता तो मोडून वाटतो, सोबत गूळ घातलेले नारळाचे दूध. यामुळे ती माणसे यहुदी झाली नाहीत.

दुसरा गैरसमज जास्त गोड, म्हणून जास्त पसरणारा: यहुद्यांचा आजचा सेडर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचे विधिवत भोजन, जसाच्या तसा केला की येशूचे शेवटचे भोजन आपल्या घरी होते. पण इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि कोकराचे बलिदान थांबले. घरातल्या विधीचा क्रम आपल्याला प्रथम सविस्तर दिसतो तो सुमारे 200 साली संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात. सेडरच्या वेळी वाचायची पोथी, हग्गादा, त्याहून उशिराची. शिवाय मत्तय, मार्क, लूक ते भोजन वल्हांडणाचे म्हणतात, तर योहान येशूचा मृत्यूच वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी सांगतो. त्या रात्रीचे ताट नेमके कसे होते, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

मुलांना शिकायला मिळते, मग सेडर केला तर बिघडले काय, असे विचारले जाते. हेतू चांगलाच आहे. पण सेडर ही जिवंत समाजाची उपासना आहे, आणि तो समाज आपलाच शेजारी आहे. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादेत मराठी भाषांतर आहे, आणि मात्झा, म्हणजे बेखमीर भाकर, करणाऱ्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या यहुदी) बायका चित्रांत साड्या नेसलेल्या आहेत. त्यांच्या सेडरमधल्या तीन मात्झांना परस्पर त्रैक्य ठरवणे, मधली मोडली की तो ख्रिस्त म्हणणे, हे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी बोलावले तर पाहुणे म्हणून आनंदाने जावे. आपल्या घरी निर्गम 12 आणि लूक 22 मोठ्याने वाचावे आणि ज्वारीची भाकरी मोडावी. यहुदी नियमात मात्झाला चालणाऱ्या पाच धान्यांत ज्वारी नाही, पण तो नियम ख्रिस्ती घरावर लागू नाही, आणि भाकरीत खमीर मुळातच नसते.