नाग आजारी पडतो तेव्हा

कोंडून ठेवलेल्या विषारी सापाचे आजारपण नेहमी उशिरा कळते. साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो आणि एरवीही तासन्‌तास निपचित पडून असतो. त्यामुळे ‘आज जरा मलूल दिसतोय’ असे कुणाच्या लक्षात येईपर्यंत दुखणे बरेच जुने झालेले असते. कबनूर-इचलकरंजीच्या ऊसपट्ट्यात असा रुग्ण साधारण तीन वाटांनी येऊ शकतो. एक, फडात पाचट पेटवताना भाजलेला. दुसरा, पंचगंगेच्या काठी मासेमारीच्या जाळ्यात गुरफटलेला. तिसरा, गारुड्याच्या टोपलीतून किंवा एखाद्या हौशी माणसाच्या बरणीतून सोडवलेला. पहिल्या दोघांची जखम बाहेरून दिसते. तिसऱ्याची तोंडाच्या आत असते आणि उपचाराला तोच सर्वांत अवघड.

कायद्याचे थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. नाग, घोणस यांसारखे साप परवानगीशिवाय पकडणे किंवा घरात ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात ‘पाळलेला नाग’ कायदेशीर असूच शकत नाही. असा साप कुठे आढळला तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवायचे. उपचार होतात ते वनविभागाच्या ताब्यात आणि पशुवैद्यकाच्या हातून. कोल्हापूरकरांना जवळचे पशुवैद्यक महाविद्यालय म्हणजे पुण्याच्या वाटेवरचे शिरवळ.

तरीही नाग पकडून काही दिवस सांभाळण्याची रीत या भागाला परकी नाही. वारणेपलीकडच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी जिवंत नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, सणाला पूजा आणि मिरवणूक करायची आणि पुन्हा सोडून द्यायचे, अशी परंपरा होती. उच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर तिला आळा बसला. २०२५ मध्ये केंद्राने परंपरागत ज्ञानाच्या प्रसारासाठी २१ नाग पकडण्यास अटींसह परवानगी दिली आणि हा विषय पुन्हा चर्चेत आला. बाजू कोणतीही घेतली तरी शरीरशास्त्राचा एक मुद्दा सुटत नाही. नागीण साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते. त्याच दिवसांत ती मडक्यात कोंडली गेली, तर तिला बिळातला उबदार, दमट आडोसा मिळत नाही आणि अंडी पोटातच अडकू शकतात. अशा नागिणीला आधी ऊब, पाणी आणि काळोखी पेटी द्यावी लागते. कासवांमध्ये हमखास लागू पडणारे ऑक्सिटोसिन सापांमध्ये बेभरवशाचे ठरते, म्हणून पुष्कळदा शेवटी शस्त्रक्रियाच उरते. तेव्हा छेद पोटाच्या मधोमध घेत नाहीत, कारण तिथून मोठी शीर जाते. तो कडेच्या खवल्यांच्या पहिल्या दोन रांगांमधून घेतात.

आता मूळ प्रश्नाकडे. रुग्णाला हात लावायचा कसा?

याचे उत्तर म्हणजे ॲक्रिलिकची पारदर्शक नळी, आणि सर्पवैद्यकाच्या सगळ्या साहित्यात तिच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. साप स्वभावतः अरुंद जागेत शिरतो. आकडीने त्याला हळूहळू नळीच्या तोंडाशी आणले की तो आपण होऊन डोके आत घालतो. अंगाचा साधारण एक तृतीयांश भाग आत गेला की नळीचे टोक आणि सापाचे शरीर एकाच मुठीत धरायचे. एवढे साधले की डोके बंदिस्त झाले आणि उरलेले अंग तपासायला मोकळे. सगळी मदार असते नळीच्या मापावर. ती अंगापेक्षा किंचितच रुंद हवी. थोडी सैल झाली तर साप आतल्या आत वळतो आणि ज्या मुठीवर भिस्त ठेवली, तिच्यावरच तोंड घेऊन येतो. म्हणून लहान-मोठ्या मापांच्या नळ्या आधीच मांडून ठेवतात. नाग फणा काढून समोर बघत राहतो, त्याला वळवायला वेळ मिळतो. घोणस वेटोळे घालून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते आणि तिच्या झेपेचा अंदाज लागत नाही. तिच्या बाबतीत घाई अजिबात चालत नाही.

मान धरून साप उचलण्याची पद्धत प्रेक्षकांना फार आवडते. आजारी सापासाठी ती वाईट आहे. सापाची कवटी मणक्याला एकाच सांध्याने जोडलेली असते आणि धडपडीत तो सांधा दुखावतो. शिवाय घोणशीचे सुळे इतके लांब असतात की ती स्वतःचाच खालचा जबडा भेदून धरणाऱ्याच्या बोटापर्यंत पोहोचू शकते. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात ७२ विषारी सापांसह ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. १९८६ मध्ये त्यांनीच कात्रजचे सर्पोद्यान उभे केले. शांत बसलेल्या माणसाच्या अंगावरून साप निघून जातो, हे खरेच. पण सुई टोचणारा माणूस सापाच्या लेखी शांत बसलेला नसतो, आणि म्हणून नळी लागतेच.

डोके नळीत असतानाच दुसऱ्या टोकातून आयसोफ्लुरेन ही गुंगीची वाफ सोडता येते. साप बराच वेळ श्वास रोखून धरतो, त्यामुळे गुंगी सावकाश चढते. उताणा केल्यावर तो पुन्हा सुलटा होईना, की गुंगी चढू लागली असे समजतात आणि त्यापुढे आणखी थोडे थांबतात. मग तोंड उघडायचे.

गारुड्याकडच्या नागाच्या तोंडात काय काय सापडते, हे सोडवलेल्या नागांच्या तपासण्यांतून वारंवार नोंदले गेले आहे. पकडीने मोडलेले विषदंत, डागलेल्या किंवा छेदलेल्या विषग्रंथी, कधी ओठच दोऱ्याने शिवलेले. वरच्या ओठाच्या खाचेतून जीभ ये-जा करत राहते, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला नाग धडधाकट वाटतो. दोरा कापून जबडा उघडला की हिरड्या सुजलेल्या आणि त्यांवर पनीरासारखा घट्ट पू दिसतो. सापाचा पू पातळ होऊन वाहत नाही. त्यामुळे नुसते धुऊन भागत नाही, तो खरवडून काढावा लागतो. मग सौम्य केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुलाई. जंतू बहुधा सुडोमोनास किंवा एरोमोनास जातीचे असतात. नमुना तपासणीला पाठवून सेफ्टाझिडिम सुरू करतात, किलोमागे २० मिलिग्रॅम, आणि तेही ७२ तासांतून एकदाच. विषारी रुग्णाच्या बाबतीत हे अंतर वरदानच आहे, कारण प्रत्येक इंजेक्शन म्हणजे पुन्हा नळी, पुन्हा झटापट. सुई अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागात देण्याचा प्रघात आहे. मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळते, असे त्यामागचे कारण.

विषदंत मोडले म्हणजे नाग निर्धोक झाला, हा समज तर पार चुकीचा. कामातल्या दाताच्या मागे हिरडीत पुढच्या दातांची रांग वेगवेगळ्या वाढीत तयार असते. दात गळणे आणि नवा येणे हे निरोगी नागाचेही आयुष्यभर चालते. मोडलेल्याची जागा काही आठवड्यांत भरून निघते. ग्रंथी शाबूत असेल तर मधल्या काळातही विष तोंडात उतरू शकते. तेव्हा ‘याचे दात काढलेत’ म्हणून आणलेला नाग उपचाराच्या टेबलावर पूर्ण विषारीच धरायचा. जंतुसंसर्ग जबड्याच्या हाडात शिरला असेल तर मात्र दाताचे मूळच सडते. असा नाग भक्ष्य मारू शकत नाही, त्याला जन्मभर सर्पोद्यानात ठेवावे लागते. क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

दुधाने होणारे नुकसान छातीत सापडते. अनेक दिवस पाण्याविना ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो, दूधही. ते त्याला पचत नाही आणि श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. सापाला पडदा नसतो, धड खोकताही येत नाही, आणि बहुतेक काम एकट्या उजव्या फुप्फुसावर चालते. नाग डोके उंच धरून तोंड उघडे ठेवू लागला, की वाट बघण्याची वेळ संपली. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे समोरच दिसते, त्यामुळे गुंगीत नळी घालून कृत्रिम श्वास देणे कुत्र्यापेक्षाही सोपे जाते.

भाजलेल्या आणि जाळ्यात कापलेल्या सापांचा क्रम ठरलेला असतो. आधी २८ ते ३० अंश ऊब, तीही हळूहळू, कारण गार अंगात औषध फिरत नाही. मग सलाइन, किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिलिटर. खाऊ घालणे सर्वांत शेवटी. जाळ्याचा धागा ओढून काढायचा नाही, खवल्याखाली बोथट कात्री सरकवून एकेक पीळ कापायचा. उंदरांच्या चिकट सापळ्यात अडकलेला साप खाद्यतेलाने सुटतो, रॉकेलने नव्हे. टाके घालताना त्वचेच्या कडा बाहेर वळवतात, नाहीतर त्या आत दुमडतात आणि जखम सांधत नाही. टाके चार ते सहा आठवडे तसेच राहतात, कात पडली की काढायला सोपे जातात.

हे सगळे चालू असताना दुसरी तयारी माणसासाठी ठेवावी लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस कुठल्या रुग्णालयात आहे, हे पेटी उघडण्याआधी फोन करून विचारायचे. इचलकरंजीत इंदिरा गांधी रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर. दंश झाल्यास सुरुवातीलाच दहाच्या आसपास कुप्या लागतात, आणि लसीची ॲलर्जी उसळली तर ॲड्रिनलिन हाताशी हवे. खोलीत एकट्याने काम करायचे नाही. मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ चावू शकते, म्हणून उपचार फसले तरी नळी लगेच काढत नाहीत.

बरा झालेला नाग सोडण्याआधी तीन गोष्टी पाहतात. त्याने आपण होऊन भक्ष्य मारले का, कात अखंड टाकली का, आणि वजन टिकून आहे का. सोडायचा तो जिथे सापडला त्याच्या आसपास, वस्तीपासून दूरच्या ओढ्याकाठी, आणि कडाक्याची थंडी टाळून.