मॅनेजर ठेवू की काढू? बालेवाडीच्या टीमकडून शिकण्यासारखी गोष्ट



पौडची बॅच असो नाहीतर पिरंगुटची, एक प्रश्न हमखास येतो. "सर, धंदा खाली चालला होता म्हणून चांगला पगार देऊन मॅनेजर ठेवला. तीन महिने झाले, गल्ला आहे तिथेच आहे. ठेवू का काढू?"

व्हिडिओत याचं उत्तर थोडक्यात दिलं होतं. इथे जरा सविस्तर बोलू, आणि त्यासाठी फुटबॉलकडे जाऊ. कारण हाच प्रश्न तिथल्या मालकाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोडवावा लागतो, आणि निर्णय बरोबर होता की चूक, ते पॉइंट टेबलवर दिसतं.

मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनची गोष्ट तुम्ही दहा ठिकाणी ऐकली असेल. १९८६ ला आले, पहिली ट्रॉफी थेट १९९० ला. पण इतक्या लांब जायची गरज नाही. पौडहून चांदणी चौक ओलांडला की तासाभरात बालेवाडी. तिथेच एक टीम होती.

पाच सीझन, नुसती ये-जा

एफसी पुणे सिटी हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ च्या पहिल्या सीझनपासून खेळला. त्याच्या कोचची यादी बघा. २०१४ ला फ्रँको कोलोंबा, २०१५ ला डेव्हिड प्लॅट, २०१६ ला अँटोनियो हबास, २०१७-१८ ला रँको पोपोविच. पोपोविच यांच्या सीझनला टीम पहिल्यांदाच पहिल्या चारात आली. तरी पुढच्या सीझनला कोच नवेच, मिगेल अँजेल पोर्तुगाल. सुरुवातीच्या काही सामन्यांतच त्यांनाही निरोप. मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी, आणि नंतर फिल ब्राऊन.

पाच सीझन, सात माणसं, आणि पहिल्या चारात फक्त एकदा.

यातला प्रत्येक माणूस नावाजलेला होता. प्लॅट तर इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळलेले. पण नवा कोच म्हणजे खेळाची नवी पद्धत, नवे खेळाडू, पुन्हा पहिल्यापासून ओळख. घडी बसतेय तोवर सीझन संपतो, की परत श्रीगणेशा. २०१९ मध्ये क्लब बंद झाला. त्याला आर्थिक अडचणीही होत्या, सगळा दोष कोच बदलण्याला देणं बरोबर नाही. पण दरवर्षी पाया नव्याने खणला तर भिंत उभी राहायची कधी?

पुण्याच्या जागी हैदराबाद

पुण्याच्या जागी नव्या मालकांची हैदराबाद एफसी आली. फिल ब्राऊन आणि पुण्याचे बरेच खेळाडू तिकडे गेले. पहिला सीझन, २०१९-२०, अगदी वाईट. १८ सामने, १२ पराभव, जेमतेम २ विजय, टेबलवर सगळ्यात खाली. सीझन संपायच्या आतच ब्राऊन यांना जावं लागलं.

२०२० मध्ये स्पेनचे मॅनोलो मार्केझ आले. आता नीट लक्ष द्या, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

त्यांच्या पहिल्या सीझनला टीम पाचवी आली. तेव्हा पहिले चार पुढे जायचे, म्हणजे ट्रॉफीच्या हिशोबाने हाती शून्य. फक्त गल्ला बघणारा मालक म्हणाला असता, "झालं, हाही गेला." पण आतले आकडे बघा. आदल्या वर्षी १८ सामन्यांत १२ पराभव होते. आता २० सामन्यांत फक्त ३! विजय ६ च होते, ११ सामने बरोबरीत सुटले. म्हणजे टीम अजून जिंकायला शिकली नव्हती, पण हरायची थांबली होती. आकाश मिश्रासारखी तरुण भारतीय पोरं नियमित खेळून तयार होत होती.

मालकांनी मार्केझ यांना ठेवलं. शिवाय पुढच्या सीझनला बार्थोलोम्यू ओगबेचेसारखा गोल करणारा स्ट्रायकर दिला. त्याने त्या सीझनला १८ गोल केले. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर फायनल झाली. समोर केरला ब्लास्टर्स. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होराने बरोबरी साधली. पेनल्टी शूटआऊटमध्ये गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले, आणि हैदराबाद चॅम्पियन! तळाच्या नंबरावरून दोन वर्षांत.

वेळ याहून जास्तही लागू शकतो. गोव्याच्या डेंपो क्लबने २००० मध्ये आर्मांडो कोलासो यांच्याकडे टीम सोपवली. राष्ट्रीय लीगचं पहिलं विजेतेपद आलं २००४-०५ ला. त्यानंतर २०११-१२ पर्यंत आणखी चार. कोच तोच.

मग आपण काय करायचं?

वेळ देणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही. वही काढा आणि हे पाच मुद्दे लिहून घ्या.

१. आधी गळती मोजा, मग गल्ला. विक्री वाढायला वेळ लागतो, पण त्याआधी नुकसान थांबताना दिसतं. फॅब्रिकेशनचं युनिट असेल तर परत आलेला माल आणि चुकलेल्या डिलिव्हरीच्या तारखा मोजा. हॉटेल असेल तर वाया गेलेलं अन्न आणि ग्राहकांच्या तक्रारी. असे तीनच आकडे निवडा, माणूस रुजू होण्याआधीचे लिहून ठेवा, आणि दर महिन्याला शेजारी नवे लिहा. तुमचे "१२ चे ३" तिथे दिसतील.

२. मुदत धंद्याच्या चक्राप्रमाणे द्या. आपल्या मुळशीत ताम्हिणीच्या वाटेवरच्या हॉटेल-रिसॉर्टचा धंदा पावसाळ्यावर. जूनमध्ये मॅनेजर ठेवला आणि सप्टेंबरला हिशोब मागितला, तर त्याने फक्त गर्दी बघितलेली असते. स्वयंपाकी, सप्लायर, बुकिंगची पद्धत हे सगळं बदलायला त्याला पुढचे मोकळे महिने लागतात. त्याची खरी परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यात. उलट रोजच्या दुकानदारीत सहा महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. मुदत कोणतीही असो, पहिल्याच दिवशी कागदावर लिहून त्याला द्या.

३. वेळेचे पैसे बाजूला काढा. समजा पगार २५,००० आणि मुदत सहा महिने. म्हणजे दीड लाख. हे पैसे आधीच वेगळे ठेवले नाहीत, तर तिसऱ्या महिन्यात त्याच्या कामामुळे नाही, तुमच्या रिकाम्या खिशामुळे तुम्ही त्याला काढाल. तेवढी ऐपत नसेल तर स्वस्तातला मॅनेजर शोधू नका. आत्ता मॅनेजर ठेवूच नका, एक चांगला मदतनीस ठेवा.

४. अधिकार आणि ओगबेचे, दोन्ही द्या. "तू बघ सगळं" म्हणायचं आणि पाचशेच्या खरेदीलाही तुमची सही लागायची, असं चालत नाही. एका रकमेपर्यंत खर्चाची मोकळीक द्या. सगळ्यात मोठी अडचण कोणती ते त्याला विचारा, आणि ती एक तरी दूर करा. पगार तारखेला झालाच पाहिजे. हैदराबादचंच पुढे काय झालं बघा. मार्केझ २०२३ मध्ये गेले, क्लब पैशाच्या अडचणीत सापडला, आणि २०२३-२४ ला परत तळाला. वेळेसोबत पैशाची शिस्त नसेल तर बसलेली घडीही मोडते.

५. काही गोष्टींना मुदत नाही. गल्ल्यात हात घातला, हिशोबात खोटं लिहिलं, कामगारांच्या जिवाशी खेळ केला, तर त्याच दिवशी नमस्कार. आणि मुदत अर्धी संपली तरी तुमचे तिन्ही आकडे जागचे हलले नसतील, तर समोर बसवून कारण विचारा. उत्तरात पुढच्या महिन्याचं ठरलेलं काम असेल तर थांबा. फक्त सबबी असतील तर मुदत संपायची वाट बघू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून गेलेल्या माणसांची नावं लिहा. प्रत्येकासमोर किती महिने टिकला ते लिहा, आणि तो गेला तेव्हा कोणता आकडा बघून निर्णय घेतला तेही लिहा. आकड्याची जागा रिकामी राहिली, तर नवीन माणूस शोधण्याआधी ती भरायला शिका.

तुमचे तीन आकडे कोणते, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही धंद्यांवर बोलू. भेटू या!