नियमात न बसणारी जहाजे आणि त्यांचे दिवे

रात्री समुद्रावर जहाज दिसले असे आपण म्हणतो. परंतु वस्तुतः जहाज दिसतच नाही, दिसतात ते त्याचे दिवे. काळोखातील दोन-चार ठिपके, त्यांतील एखादा तांबडा किंवा हिरवा, एवढ्या सामग्रीवरून समोरच्या नाविकाला पुष्कळ काही ठरवावे लागते. ते जहाज केवढे आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, ते जवळ येत आहे की दूर जात आहे, आणि वाट त्याने द्यावयाची की आपण? विचार करावयास अवधीही फार नसतो. ताशी १५ सागरी मैल वेगाने दोन जहाजे परस्परांच्या समोर येत असली, तर त्यांच्यामधील ३ सागरी मैलांचे अंतर अवघ्या ६ मिनिटांत संपते.

म्हणून जहाजांचे दिवे ही एक भाषाच मानली पाहिजे. तिचे आजचे व्याकरण लंडन येथे २० ऑक्टोबर १९७२ रोजी ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून ते अमलात आले. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी केलेले हे आंतरराष्ट्रीय नियम भारतासह जगातील बहुतेक सर्व सागरी राष्ट्रांनी मान्य केलेले आहेत. यंत्राच्या बळावर चालणाऱ्या जहाजाने डोलकाठीवर पांढरा दिवा लावावा. तो समोरून व दोन्ही अंगांनी मिळून २२५ अंशांच्या टापूत दिसावा. उजव्या अंगास हिरवा व डाव्या अंगास तांबडा दिवा असावा, आणि प्रत्येकाचा टापू साडेबाराधिक शंभर अंशांचा, म्हणजे ११२.५ अंशांचा असावा. पिछाडीस पुन्हा पांढरा दिवा, तो मात्र उरलेल्या १३५ अंशांतच दिसणारा. वाचकांनी बेरीज करून पाहिली तर वर्तुळ कोठेही न सांडता पूर्ण होते, हे त्यांच्या ध्यानात येईल. तांबडा दिवा दिसला की त्या जहाजाची डावी बाजू आपल्याकडे आहे, तांबडा व हिरवा दोन्ही दिसले की ते आपल्याच रोखाने येत आहे, आणि केवळ एक पांढरा दिसला तर बहुधा आपण त्याच्या पाठीमागे आहोत, असा अर्थ लावावयाचा.

पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना आणखी एक दिवा लागतो. पुढच्या डोलकाठीवरील दिव्याच्या मागे आणि त्याहून निदान साडेचार मीटर उंच असा हा दुसरा पांढरा दिवा होय. या दोहोंमधील आडवे अंतर जहाजाच्या लांबीच्या निम्म्याहून कमी असू नये, मात्र १०० मीटरपेक्षा अधिक असण्याची आवश्यकता नाही, असे नियम सांगतो. एवढा काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न पडेल. किनाऱ्याजवळ मासेमारी करणारा कोळी जमिनीवरील दोन खुणा, एखादे देऊळ आणि त्यामागचे माडाचे झाड, एका रेषेत आणून आपली जागा ओळखतो. जहाजावरचे हे दोन दिवे म्हणजे तशाच दोन खुणा. ते एकावर एक दिसले की जहाज सरळ आपल्याकडे येत आहे. ते अलग होऊ लागले की जहाज वळत आहे, आणि ज्या बाजूस खालचा दिवा, त्या बाजूस त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक आहे.

थोडा हिशेब करून पाहू. एका मोठ्या जहाजावर हे दिवे १०० मीटर अंतरावर आहेत, आणि ते जहाज सरळ आपल्यावर न येता ३० अंशांनी कललेले आहे, असे समजा. आपणास त्या दिव्यांतील आडवे अंतर ५० मीटर भासेल. ३ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरवरून, एवढे अंतर साधारण अर्धा अंश भरते. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाची रुंदी तेवढीच असते. आता त्याच लांबीच्या दुसऱ्या जहाजावर हे दिवे केवळ २० मीटर अंतरावर आहेत असे धरा. ते जहाजही तितकेच कललेले असले, तरी आपणास दिसणारे अंतर चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढेच राहील. पहिल्या जहाजाची सवय असलेला नाविक या दुसऱ्याकडे पाहून ते जेमतेम ६ अंशांनी कलले आहे, जवळजवळ आपल्या नाळेवरच येत आहे, असे समजेल. दिवे खोटे बोलले नाहीत. पण वाचणाऱ्याने त्यांचा अर्थ दुसराच लावला.

आता असे दुसरे जहाज कोणी बांधते का? अवश्य बांधतात, आणि त्यात बांधणाऱ्याचा काही अपराधही नसतो. पाणबुडीच घ्या. तिच्या गुळगुळीत पाठीवर मनोऱ्यासारखा एकच उंचवटा असतो आणि बहुतेक दिवे त्यालाच चिकटवावे लागतात. शंभर मीटरांहून लांब असलेली पाणबुडी पृष्ठभागावर चालत असता तिचे अंग बहुतांशी पाण्याखाली असते आणि दिवे इतके खाली व इतके दाटीने असतात की लांबून ती लहानशा होडीसारखी भासते. विमानवाहू जहाजाची अडचण याच्या उलट आहे. त्याची पाठ विमानांसाठी मोकळी ठेवावी लागते, म्हणून डोलकाठी, धुराडे, नियंत्रणकक्ष असे सर्व काही उजव्या कडेला एका बेटासारख्या बांधकामात कोंबलेले असते. जुने विक्रांत २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना ही रचना आठवत असेल. २०२२ मध्ये कोची येथे नौदलात दाखल झालेल्या २६२ मीटर लांबीच्या नव्या विक्रांतचीही घडण तशीच आहे. डोलकाठीचा दिवा जहाजाच्या मध्यरेषेवर असावा असा नियम आहे. परंतु विमानवाहू जहाजाच्या मध्यरेषेवर खांब रोवला तर विमानाने उतरावे कोठे?

ही अडचण केवळ लष्करी जहाजांचीच आहे असे नाही. समुद्रातील तेलविहिरींना सामान पोहोचविणारी जहाजे, जशी मुंबई हायच्या क्षेत्रात जातात तशी, पुढे घर आणि मागे लांबच लांब मोकळी फळी अशा आकाराची असतात. नळ, साखळ्या, पिंपे हे सारे त्या फळीवर लादावयाचे असते. लांबीच्या निम्म्या अंतरावर दुसरी डोलकाठी उभारली तर ती नेमकी मालाच्या मधोमध येते. बंदरातील टगांचे दुखणे निराळेच आहे. मोठ्या जहाजाच्या फाकलेल्या कुशीखाली शिरून त्याला ढकलावयाचे हे त्यांचे काम. नियमाप्रमाणे बाजूचे दिवे अगदी कडेला बसविले, तर पहिल्याच दिवशी ते चिरडून जातील. म्हणून ते काही हात आत सरकवून बसवावे लागतात.

अशा जहाजांसाठी नियमावलीतील पहिल्याच नियमात एक पोटकलम घातलेले आहे. विशेष बांधणीचे किंवा विशेष कामाचे एखादे जहाज दिव्यांची संख्या, जागा, पल्ला किंवा दिसण्याचा टापू यांविषयीच्या तरतुदी पूर्णपणे पाळू शकत नाही असे त्याच्या सरकारने ठरविले, तर त्या जहाजाने सरकार सांगेल त्या निराळ्या तरतुदी पाळाव्यात. मात्र त्या मूळ नियमाच्या शक्य तितक्या निकट असल्या पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. मराठीत याला आपण सहज ‘सूट’ म्हणून जातो. प्रस्तुत लेखकास हा शब्द फसवा वाटतो. सूट म्हटले की ओझे उतरल्याचा भास होतो. येथे उतरते ते काहीच नाही. नियम जेथे पोहोचू शकत नाही, तेथे त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके गेलेच पाहिजे, असे हे बंधन आहे. ‘निकटपालन’ हा शब्द थोडा बोजड असला तरी अधिक प्रामाणिक होईल.

या कलमात कशाचा उल्लेख नाही हेही पाहण्याजोगे आहे. संख्या, जागा, पल्ला आणि टापू ही चार नावे दिव्यांच्या संदर्भात येतात. रंगाचे नाव येत नाही. कोणतेही सरकार या कलमाच्या आधारे तांबड्याच्या जागी हिरवा लावू देऊ शकत नाही. वाट कोणी द्यावयाची याविषयीचे नियमही जसेच्या तसे राहतात. आणखी एक गोष्ट अशी की, १९६० च्या जुन्या नियमावलीत हे कलम केवळ लष्करी जहाजे व पाण्यावर उतरणारी विमाने यांच्यापुरते होते. व्यापारी जहाजांनाही त्याचा आधार मिळाला तो १९७२ नंतर. बंदरातील टग आणि तेलक्षेत्रातील मालवाहू जहाजे या कक्षेत आली ती त्यामुळेच.

जहाजाच्या वयामुळे मिळणारी सवलत हा वेगळा विषय आहे, त्याची येथे गल्लत करू नये. नवे नियम येण्यापूर्वी ज्यांचा कणा घातला गेला होता अशा जहाजांना बदल करण्यास काही वर्षांची मुदत दिलेली होती. फूट जाऊन मीटर आल्याने आकडे पूर्णांकात बसविताना जो किरकोळ फरक पडला, त्यापायी दिवे हलविण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर कायमचीच नव्हती. कोणा समंजस माणसाने ते वाक्य घातले असावे.

दिव्यांचा अर्थ चुकला तर काय घडते, याचे एक दारुण उदाहरण इंग्लंडच्या थेम्स नदीच्या मुखाशी घडले. १२ जानेवारी १९५० च्या संध्याकाळी ट्रक्युलंट नावाची ब्रिटिश पाणबुडी दुरुस्तीनंतरची चाचणी आटोपून शीअरनेसकडे परतत होती. नेहमीच्या खलाशांखेरीज गोदीतील १८ कामगारही तिच्यावर होते. समोरून डिव्हिना हे लहानसे स्वीडिश तेलवाहू जहाज येत होते. ज्वालाग्राही माल असल्यामुळे त्याने नेहमीच्या दिव्यांखेरीज एक जादा तांबडा दिवा लावलेला होता. पाणबुडीवरील अधिकाऱ्यांना त्या दिव्यांची संगती लागेना. हे जहाज थांबलेले असावे असे त्यांनी ठरविले. उजवीकडे उथळ पाणी, म्हणून पाणबुडी डावीकडे वळविली, आणि ती सरळ त्याच्या वाटेत गेली. टक्कर होताच काही क्षणांत पाणबुडी बुडाली. आत अडकलेल्यांपैकी पुष्कळजण नंतर बाहेर पडू शकले, परंतु जानेवारीतील थंडगार पाण्याने आणि ओहोटीच्या ओढीने त्यांचा घात केला. एकंदर ६४ माणसे मृत्युमुखी पडली.

येथे ज्या दिव्याने घोटाळा केला तो पाणबुडीचा नव्हता, तेलवाहू जहाजाचा होता. आणि तो लावण्यात त्या जहाजाची काही चूक नव्हती. वाचणाऱ्याच्या शब्दकोशात तो शब्द नव्हता, एवढेच. तथापि या घटनेनंतर ब्रिटिश पाणबुड्यांवरच एक नवी योजना झाली. त्यांच्या नाळेवर सर्व बाजूंनी दिसणारा एक जादा पांढरा दिवा बसविण्यात आला. नाविक त्याला आजही ‘ट्रक्युलंट दिवा’ म्हणतात. पाणबुडीचे टोक खरोखर कोठपर्यंत पोहोचले आहे, हे त्यामुळे इतरांस कळते.

अमेरिकी नौदलाने आपल्या पाणबुड्यांसाठी दुसरी युक्ती योजिली. तेथील पाणबुडी ओळख पटविण्यासाठी पिवळसर लुकलुकता दिवा लावू शकते: सेकंदाला एक याप्रमाणे तीन वेळा चमक, मग तीन सेकंद काळोख, पुन्हा तीन चमका. हा ठेका मुद्दाम राखलेला आहे. कारण पिवळा लुकलुकता दिवा नियमावलीने आधीच हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या होव्हरक्राफ्टला दिलेला आहे; तो मात्र मिनिटास १२० वेळा किंवा अधिक चमकतो. होव्हरक्राफ्टला तो देण्याचे कारणही मोठे मार्मिक आहे. वाऱ्याने ते आडवे ढकलले जाते; तोंड एकीकडे आणि गती दुसरीकडे, अशी त्याची चाल. तांबडे-हिरवे दिवे तोंडाची दिशा सांगतात, गतीची नव्हे. म्हणून ‘माझ्या बाजूच्या दिव्यांवर फार विसंबू नका’ असा इशारा त्या पिवळ्या दिव्याने द्यावयाचा.

प्रश्न उरतो तो इतरांना कळविण्याचा. अमेरिकेत नौदलाच्या ज्या जहाजांना हे कलम लागू केले आहे, त्यांची कोष्टके नियमग्रंथात छापलेली आहेत. कोणत्या जहाजाचा पुढचा दिवा किती मीटर खाली आहे, कोणाचे दोन दिवे किती जवळ आहेत, हे त्यांत जहाजवार दिलेले असते. व्यापारी जहाजांना तेथील तटरक्षक दल प्रमाणपत्र देते आणि त्याची सूचना राजपत्रात येते. व्यवस्था उत्तम आहे. परंतु पहाटे तीन वाजता सुकाणूपाशी उभा असलेला, दुसऱ्याच देशाचा, दुसरीच भाषा बोलणारा अधिकारी समोरचे तीन ठिपके पाहून कोणाच्या राजपत्राची पाने उलटणार? त्या जहाजाचे नावही त्याला ठाऊक नसते. निकटपालनाची किंमत ज्याला प्रमाणपत्र मिळते त्याच्यापेक्षा ज्याने ते कधी वाचलेले नाही त्यालाच अधिक मोजावी लागते. म्हणून ‘शक्य तितके निकट’ या शब्दांचा अर्थ सरकारने कंजूषपणे लावावा, असेच कोणीही म्हणेल.

त्या अधिकाऱ्याच्या हाती दिव्यांच्या मांडणीवर मुळीच अवलंबून नसलेले एक साधन मात्र आहे. होकायंत्रावरून समोरच्या कोणत्याही एका दिव्याची दिशा घ्यावी, थोड्या वेळाने पुन्हा घ्यावी. ती विशेष बदलत नसेल आणि जहाज जवळ येत असेल, तर टक्करीचा धोका आहे असे समजावे. आणि शंका असली तरी धोका आहे असेच समजावे, असे सातवा नियम सांगतो. याला एकच दिवा पुरतो, मग तो मध्यरेषेवर असो वा कडेला. त्याच नियमात पुढे एक सावधगिरीची ओळ आहे: जहाज फार मोठे असेल किंवा अंतर थोडे असेल, तर दिशा बदलत असूनही धोका असू शकतो. कारण दिवा सरकत गेला तरी त्याच्या पुढे-मागे अंधारात जहाजाचे अंग असते. विमानवाहू जहाजाच्या बाबतीत ते अंग पाव किलोमीटरहून अधिक लांब असते, आणि ते केवढे आहे हे सांगणारा दुसरा दिवा बहुधा त्याच बेटावर पहिल्याच्या लगत असतो.